गाल्गो की पोदेंको?

हे रील तुम्ही पाहिलेलं आहे. कुठल्या संस्थेचं, कुठल्या भाषेतलं, याने फरक पडत नाही, कारण ते एकच रील आहे. पहिले सात-आठ सेकंद रस्त्याच्या कडेला एक लांबट, हाडांचा सापळा झालेला कुत्रा. मान खाली, शेपूट पोटाशी. मग पिंजरा, गाडी, दवाखान्यातलं स्टीलचं टेबल, सलाईन. मग पियानो. पियानो वाजायला लागला की समजायचं, आता सगळं बरं होणार. शेवटच्या दहा सेकंदांत तोच कुत्रा जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये एका राखाडी सोफ्यावर चारही पाय वर करून झोपलेला असतो, अंगात स्वेटर. खाली रडक्या इमोजींचा पाऊस आणि माणुसकीवरचा विश्वास परत मिळाल्याच्या पावत्या.

मी ही रील्स बघतो. बऱ्याचदा रात्री एक वाजता, सर्व्हरवर काहीतरी चढत असताना. ती खोटी आहेत असं माझं म्हणणं नाही. कुत्रा खरा, जखम खरी, सोफाही खरा. माझी तक्रार वाचकाची आहे: ही गोष्ट फार उशिरा सुरू होते आणि फार लवकर संपते. याच कुत्र्याची गोष्ट गेली चारशे वर्षं स्पेनमध्ये वेगवेगळ्या लोकांनी सांगितली आहे आणि त्यातल्या काहींनी ती आपल्या फोनपेक्षा बरीच नीट सांगितली आहे.

आधी कुत्र्याची ओळख. गाल्गो म्हणजे स्पेनचा ग्रेहाउंड. नाव लॅटिनमधल्या 'गॉल देशाचा कुत्रा' अशा अर्थाच्या शब्दावरून आलंय. हा वासाने नाही, नजरेने शिकार करतो. कास्तीयाच्या, ला मांचाच्या, अंदालुसियाच्या उघड्या माळावर ससा उठला की दोन गाल्गो एकदम सोडतात आणि माणसं मागे उभी राहून शर्यत बघतात. बंदूक नाही. पाळणाऱ्याला गाल्गेरो म्हणतात. हंगाम साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि जानेवारीअखेर संपतो. कुत्रा दोन-तीन हंगाम उपयोगाचा. जो मंदावला, ज्याचा पाय मोडला, किंवा जो शहाणा झाला आणि सशाचा माग सोडून आडव्या रस्त्याने त्याला गाठायला लागला, तो नकोसा होतो. हे शेवटचं मला सगळ्यात अस्वस्थ करतं. शॉर्टकट शोधणारा कुत्रा 'घाणेरडा' धावतो म्हणून बाद. म्हणजे शिकार हा उद्देश नाहीच, शर्यतीची शोभा हा आहे.

मग येतो फेब्रुवारी. स्पॅनिश दिग्दर्शिका इरेने ब्लांकेझ यांच्या 2013 सालच्या माहितीपटाचं नावच 'फेब्रुवारी, गाल्गोंची भीती' अशा अर्थाचं आहे, आणि मला ते नाव अख्ख्या रील-संस्कृतीपेक्षा जास्त सांगणारं वाटतं. त्यात एका कुत्र्याचं नाव नाही, एका क्रूर माणसाचं नाही. महिन्याचं आहे. हे काम कॅलेंडरने चालतं, एवढं त्या शीर्षकात आहे. कोणी रस्त्यावर सोडून देतं, कोणी विहिरीत टाकतं, कोणी झाडाला टांगतं. टांगण्याच्या एका पद्धतीला 'पियानो वाजवणं' म्हणायचे. दोरी अशा उंचीवर बांधायची की मागच्या पायांची बोटं जेमतेम जमिनीला लागावीत. कुत्रा जीव वाचवायला पाय आपटत राहतो, बोटं जमिनीवर नाचत राहतात, म्हणून पियानो. हे वाचल्यानंतर त्या रील्समधला पियानो मला म्यूट करावा लागतो. संगीत निवडणाऱ्याला हे माहीत नसणार. माहीत असतं तर त्याने गिटार घेतली असती.

गाल्गेरोंच्या संघटना म्हणतात, हे अपवाद आहेत, आम्ही आमच्या कुत्र्यांवर जीव टाकतो. चळवळीच्या पोस्टरवर दरवर्षी 50,000 टाकलेले गाल्गो हा आकडा असतो, शिकाऱ्यांचे महासंघ तो साफ नाकारतात. या भांडणात मी पडत नाही. पण 'आम्ही जीव टाकतो' हे वाक्य मला थापही वाटत नाही. दुसऱ्या शतकातल्या एरियन नावाच्या ग्रीक लेखकाने अशाच वेगवान कुत्र्यांच्या शिकारीवर एक छोटा ग्रंथ लिहिलाय. त्यात तो आपल्या लाडक्या कुत्रीबद्दल लिहितो, ती कशी कुशीत येते, कुठला आवाज कशासाठी काढते. कुत्र्याने माणसाजवळ, मऊ उबदार अंथरुणात झोपावं हे उत्तम, असा सल्लाही देतो. खरा शिकारी ससा निसटला तरी खूश असतो, असंही त्याचं म्हणणं आहे. म्हणजे सोफा हा जर्मन लोकांचा शोध नाही. प्रेम होतं, तेव्हाही. प्रश्न प्रेमाचा नव्हताच, प्रेम कशावर बेतलंय याचा होता.

रीलकडे परत येतो, कारण तिथे वाचनाचीच एक चूक सर्रास होते. दवाखान्याच्या टेबलावर कुत्रा दगडासारखा स्थिर उभा असतो. डोळे मोठे, आवाज नाही. खाली लिहिलेलं असतं, 'बघा, त्याला कळलंय की तो आता सुरक्षित आहे.' नाही. ज्यांनी असे कुत्रे सांभाळलेत ते सांगतात की हा कुत्रा बंद पडलेला आहे. भीती एका मर्यादेपलीकडे गेली की तो पळत नाही, गुरगुरत नाही, गोठतो. तो इंजेक्शन टोचू देतो, उचलू देतो, फोटो काढू देतो. आपण त्याला कृतज्ञता म्हणतो. घरी नेल्यावर तिसऱ्या आठवड्यात तो जेव्हा पहिल्यांदा गुरगुरतो किंवा सोफ्याखालून बाहेर यायला नकार देतो, तेव्हा खरं तर सुधारणा सुरू झालेली असते. पण तोवर रील संपलेलं असतं, आणि दत्तक घेणाऱ्याला वाटतं, आपल्याच वाट्याला कृतघ्न कुत्रा आला.

गाल्गोचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, साधा पट्टा उलटा ओढला की सुटतो, म्हणून त्याला ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा लागतो आणि नवीन असताना दोन-दोन दोऱ्या. कातडी इतकी पातळ की काटेरी कुंपणावरून गेला तर कागदासारखी फाटते. भूमध्य समुद्राकाठचे रोग, लीशमॅनिया, हृदयातले जंत, गोचिडांमुळे येणारा ताप, यांच्या तपासण्या झाल्याशिवाय नीट संस्था त्याला देशाबाहेर पाठवत नाहीत. या सगळ्यात नाट्य आहे, पण ते सावकाश आहे.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे. तोमास दे इरियार्ते या अठराव्या शतकातल्या कवीची एक नीतिकथा स्पेनमध्ये शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. 1782 मध्ये त्याचा संग्रह आला, लेखकांना टोमणे मारणाऱ्या पद्यकथांचा. त्यात एक ससा जिवाच्या आकांताने पळतोय, मागे कुत्रे. दुसरा बिळातून डोकावून विचारतो, काय झालं? पहिला म्हणतो, गाल्गो लागलेत मागे. दुसरा बघतो आणि म्हणतो, छे, गाल्गो कुठले, हे तर पोदेंको. पोदेंको म्हणजे उभ्या कानांचा, वासावर आणि आवाजावर शिकार करणारा कुत्रा. दोघांचा वाद रंगतो. तेवढ्यात कुत्रे येतात, मग ते कोणी का असेनात, आणि दोघांनाही उचलतात. तेव्हापासून 'गाल्गो की पोदेंको' हा स्पॅनिशमध्ये निरर्थक वादाचा वाक्प्रचार झाला. आपल्याकडे घर जळताना बादली कोणाची यावर भांडावं, तसं.

गंमत, म्हणजे कडवट गंमत, अशी की 2023 मध्ये हा प्रश्न निरर्थक राहिला नाही. त्या वर्षी 28 मार्चला स्पेनने प्राण्यांचे हक्क आणि कल्याण यांच्यासाठी पहिला देशव्यापी कायदा केला, क्रमांक 7/2023. कायदा चांगलाच कडक आहे. कुत्र्याला 24 तासांपेक्षा जास्त वेळ देखरेखीविना ठेवता येत नाही. गच्चीत, बाल्कनीत, अंगणात कायमचं ठेवता येत नाही. पिल्लांची पैदास फक्त नोंदणीकृत माणसाने करायची. मूळ मसुद्यात शिकारी कुत्रेही होते. मग सत्तेतल्याच समाजवादी पक्षाने दुरुस्ती आणली आणि शिकारीचे कुत्रे कायद्याच्या कक्षेबाहेर काढले गेले. मेंढपाळांचे, पोलिसांचे कुत्रेही बाहेर आहेत, पण त्यांच्यासाठी फेब्रुवारीत रस्ते भरत नाहीत.

मी दिवसभर अटी लिहितो. जर अमुक तर तमुक, नाहीतर तिसरंच. कोडमध्ये अशी एक अट दिसली, जिच्यामुळे सगळ्यात जास्त ज्याच्यासाठी फंक्शन लिहिलं तोच इनपुट वगळला जातो, तर मी रिव्ह्यूमध्ये विचारेन, मग हे लिहिलंच कशाला? इथे उत्तर राजकीय आहे आणि सोपं आहे: ग्रामीण स्पेनमध्ये शिकाऱ्यांची मतं मोजली जातात. निष्पक्षपणे सांगायचं तर क्रूरतेसाठी शिक्षा करणारा फौजदारी कायदा शिकारी कुत्र्यांनाही लागू आहे, आणि त्याच दिवशी तो सुधारून अधिक व्यापकही केला गेला. शिकाऱ्यांचे वकील हेच म्हणतात आणि ते खरं आहे. पण फौजदारी कायदा दोरी सापडल्यावर येतो. 24 तासांची अट, पैदाशीची नोंदणी, हे दोरीच्या आधीचं असतं. नेमकं तेच गाल्गोला मिळालं नाही. इरियार्तेच्या सशांचा वाद हास्यास्पद होता, कारण कुत्रा कोणताही असला तरी परिणाम एकच होता. आता अंदालुसियातल्या एखाद्या अंधाऱ्या शेडमध्ये बांधलेल्या कुत्र्याचं काय होणार, हे तो कोण आहे, नव्हे, तो कशासाठी ठेवलाय, यावर ठरतं. तोच गाल्गो सोफ्यावर असेल तर पाळीव, आणि शेडमध्ये असेल तर हत्यार.

या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त काही शिकवलं ते सर्व्हांतिसने. 'डॉन किहोते'च्या अगदी पहिल्या वाक्यात नायकाकडे काय काय आहे याची यादी येते: हत्यारं, मरतुकडा घोडा आणि यादीच्या शेवटी एक गाल्गो. घोड्याला पुढे नाव मिळतं, तो जगप्रसिद्ध होतो. गाल्गोला नाव नाही. तो त्या वाक्यात येतो, एका गावाकडच्या खालसा झालेल्या सरदाराची ऐपत दाखवतो आणि जातो. कादंबरीतल्या गहाळ कुत्र्यांची यादी कोणी केली तर हा पहिल्या क्रमांकावर. मालक घर सोडून निघाला तेव्हा त्याला कोणी खायला घातलं, हा प्रश्न हजार पानांत कोणी विचारत नाही.

पण 1615 मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत एक किस्सा आहे, तो मी पुन्हा पुन्हा वाचतो. कोर्दोबात एक वेडा असतो. डोक्यावर दगड घेऊन हिंडतो आणि बेसावध कुत्रा दिसला की त्याच्यावर टाकतो. एकदा तो दगड एका टोप्या शिवणाऱ्याच्या लाडक्या कुत्र्यावर पडतो. मालक मोजपट्टीचा दांडा घेऊन वेड्याला बदडतो, आणि प्रत्येक फटक्याला विचारतो की माझा कुत्रा पोदेंको आहे हे तुला दिसलं नाही का? महिन्याभराने वेडा पुन्हा बाहेर पडतो, आधीपेक्षा मोठा दगड घेऊन. पण कुत्रा दिसला की जवळ जातो, निरखून बघतो आणि दगड न टाकता पुटपुटतो, हा पोदेंको आहे, सांभाळून. मग तो कुठलाही कुत्रा असो, शिकारी, राखणदार, मांडीवरचा. त्याच्या लेखी सगळेच पोदेंको.

सर्व्हांतिसला यातून आपल्या कादंबरीचा बोगस दुसरा भाग काढणाऱ्या लेखकाला चिमटा काढायचा होता. पण किस्सा त्याच्या हातून सुटून पुढे गेलाय असं मला वाटतं. वेड्याला करुणा कळलेली नाही. त्याला एवढंच कळलंय की कुत्र्यामागे दांडा घेऊन उभं राहणारं कोणीतरी असू शकतं. आणि कोणता कुत्रा कोणाचा हे ओळखता येत नसल्यामुळे तो सगळ्यांनाच सोडून देतो. सरसकट लागू होणारा कायदा असाच असतो, वर्गवारी न करणारा. शहाण्या खासदारांनी 2023 मध्ये बरोबर उलटं केलं: कुत्रा निरखून बघितला, म्हणाले, हा पोदेंको आहे, आणि त्यालाच वगळलं.

गाल्गोवरची सगळ्यात चांगली कादंबरी कोणती असं कोणी विचारलं तर मी जिच्यात गाल्गो नाही अशी कादंबरी सांगेन. मिगेल देलिबेसची 'लोस सांतोस इनोसेंतेस', 1981. देलिबेस स्वतः जन्मभर शिकारी होता, शिकारीवर त्याची पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, म्हणून ही कादंबरी बाहेरून मारलेला दगड नाही. एक्स्त्रेमादुरातल्या जमीनदाराच्या वाड्यावर पाको नावाचा गडी आहे. तो चार पायांवर रांगत, जमीन हुंगत, मारलेला पक्षी कुठे पडला हे मालकाला शोधून देतो. मालक इव्हानला त्याचा अभिमान वाटतो, पाहुण्यांना तो दाखवतो. मग पाको झाडावरून पडून पाय मोडून घेतो. मालकाला दुःख होतं, ते हंगाम वाया जाण्याचं. प्लास्टरमधल्या पायानिशी तो पाकोला पुन्हा शिकारीला नेतो, पाय पुन्हा मोडतो. शेवट सांगत नाही, फक्त एवढंच की त्या कादंबरीतही एक झाड आणि एक दोरी आहे आणि दोरी कोणाच्या गळ्यात पडते हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मारियो कामुसचा 1984 चा सिनेमाही चांगला आहे, त्यात पाको झालेल्या आल्फ्रेदो लांदाला कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक विभागून मिळालं होतं. पण आधी पुस्तक वाचा.

देलिबेसने जे दाखवलं ते रीलला का दाखवता येत नाही? कारण देलिबेसकडे मालक आहे. हसणारा, उमदा, नेमबाज, नोकरांशी सलगीने बोलणारा मालक. रीलमध्ये मालक कधीच नसतो. फार तर 'काही राक्षसी लोक'. कुत्रा जणू आभाळातून रस्त्याच्या कडेला पडला. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलास्केझचं एक चित्र आहे, शिकारीच्या वेशातला सहा वर्षांचा राजपुत्र बाल्तासार कार्लोस. पायाशी एक मोठा कुत्रा झोपलाय आणि उजव्या कडेला एक गाल्गो, अर्धाच. कॅनव्हास त्या बाजूने कधीतरी कापला गेला. तिथे राजपुत्र राहिला आणि कुत्रा कापला गेला. आमच्या उभ्या चौकटीत कुत्रा मधोमध असतो आणि बाहेर गेलेला असतो तो राजपुत्र.

मालक चौकटीबाहेर गेला की आकडेमोडही बाहेर जाते. एक रांग समजा. एका टोकाने काम येतंय, दुसऱ्या टोकाने उपसलं जातंय. उपसणारे कितीही वाढवा, पहिल्या टोकाला मर्यादा नसेल तर रांग संपत नाही. एक वेगवान कुत्रा मिळावा म्हणून गाल्गेरो अख्खी वेत वाढवतो, पारखतो आणि उरलेली टाकतो. दत्तक घेणारी हजार घरं जोडली तरी त्याच्या गणितात काही बदलत नाही, उलट सोय होते. सेव्हियाजवळच्या किंवा मेदिना देल कांपोच्या आश्रयगृहांपुढे हंगाम संपताना हा पेच खरोखर उभा असतो. शिकारी स्वतः दारात कुत्रा घेऊन येतो. घ्यायचा, तर आपण त्याचं फुकटचं कोठार झालो. नाही घ्यायचा, तर तो कुठे जाईल हे दोघांनाही माहीत आहे. ते घेतात. मीही घेतला असता. पण याच दारातल्या दोन मिनिटांच्या संभाषणावर कोणी सिनेमा करावा, असं मला फार वाटतं. येराय लोपेझ पोर्तियो यांचा 2018 चा 'यो गाल्गो' मला म्हणूनच जवळचा वाटतो: तो 'वाचवला' यावर थांबत नाही, 'हे का होतं' असं विचारत फिरतो.

हे वाचताना कारवान कुत्रा आठवणं साहजिक आहे. लातूर-सोलापूरपासून विजापूर-मुधोळपर्यंतच्या माळावरचा हा आपला नजरेने शिकार करणारा कुत्रा, गाल्गोचा दूरचा भाऊ शोभेल असा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार गुन्हा ठरवली, म्हणजे त्याचं काम गेलं. 2020 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळ कुत्र्याचं नाव घेतलं आणि देशी कुत्र्यांबद्दल अभिमानाची लाट आली. अभिमान ठीक आहे. पण ताशी पन्नास किलोमीटरने धावणारा प्राणी पुण्यातल्या वन-बीएचकेत आणणाऱ्याने गाल्गोचा इतिहास वाचलेला बरा. कुत्र्याच्या जातीचा गर्व आणि कुत्र्याची काळजी या दोन गोष्टी स्पेनमध्ये शेकडो वर्षं शेजारी शेजारी राहूनही त्यांची नीट ओळख झाली नाही.

मला आवडलेला एक व्हिडिओ सांगतो. त्याला संगीत नाही, मथळा नाही, आणि शेवटचं बघितलं तेव्हा तीनशेच्या आसपास व्ह्यूज होते. कॅमेरा लांब गाडीत आहे. समोर ओसाड औद्योगिक वसाहत, एक सापळ्याचा पिंजरा, आत सॉसेजचे तुकडे. एक करडी गाल्गो मादी येते, पिंजऱ्याभोवती फिरते, जाते. परत येते. मान आत घालते, मागचे पाय बाहेरच, ताणलेले. गाडीतली बाई कुजबुजत दुसऱ्या कोणाला तरी सांगते की ही पाचवी रात्र आहे. अकराव्या मिनिटाला कुत्री दाराजवळचा एक तुकडा उचलते, लांब जाऊन खाते आणि पिंजऱ्याकडे तोंड करून बसते. बाई खिडकीची काच वर घेते.